मुंबईच्या फ्लॅटमध्ये इग्वाना: आणण्याआधी, आणल्यावर आणि हातात घेताना

दुकानातल्या काचेच्या पेटीत इग्वाना या परदेशी सरड्याचं पिल्लू वीतभर लांब, पोपटी आणि गरीब दिसतं. नीट जगलं तर तेच पिल्लू तीन-चार वर्षांत शेपटीसकट पाच ते सहा फुटांचं होतं, वजन चार-पाच किलोंवर जातं आणि पंधरा वर्षं, क्वचित वीस वर्षंही सोबत करतं. आपल्याकडे इग्वानांचे हाल होतात ते मुख्यतः इथेच. माणूस पिल्लू बघून भुलतो आणि घर पिल्लाच्या मापाने मांडतो. म्हणून आधी कागदपत्रं, मग पिंजरा आणि ऊब, मग खाणं, आणि प्राणी सगळ्यात शेवटी, असा क्रम ठेवा. तो उलटा करून मुंबईतल्या घरात निभावणं फार अवघड जातं.

आधी कायदा

मोठा सरडा पाळायचा म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव निघतं घोरपडीचं. आरे, येऊर, राष्ट्रीय उद्यानालगतच्या वस्त्या या भागांत घोरपड अजूनही दिसते. ती पाळता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच यादीत, तिचं नाव आहे. पकडणं, विकणं, घरात ठेवणं, तिच्यापासून काढलेलं तेल बाळगणं किंवा झाडाचं मूळ म्हणून खपवली जाणारी ‘हत्ताजोडी’ विकत घेणं, हे सगळं गुन्ह्यात मोडतं आणि शिक्षा तीन ते सात वर्षं कैदेची आहे. सोसायटीत घोरपड शिरलीच तर लोकांना लांब करा, तिला निघायला वाट मोकळी ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

हिरवा इग्वाना मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. तो ‘साइटिस’ या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि आपल्या कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी जाती चौथ्या अनुसूचीत आल्या. २०२४ च्या नियमांप्रमाणे प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश २.०’ या पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. पुढे जन्म, मृत्यू, मालकी बदलणं, हेही कळवावं लागतं. विकणाऱ्याकडे स्वतःच्या नोंदणीचे कागद नसतील तर तिथून तसेच परत या. मुंबई विमानतळावर प्रवाशांच्या बॅगांतून कोंबून आणलेले सरपटणारे प्राणी कस्टम्सने वेळोवेळी पकडले आहेत. स्वस्तात आणि बिनकागदाचा मिळणारा इग्वाना अशाच वाटेने आलेला असू शकतो.

कागदांइतकंच महत्त्वाचं म्हणजे डॉक्टर. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर सरड्यांवर उपचार करत नाहीत. प्राणी आणण्याआधी दोन-तीन दवाखान्यांत फोन करून स्पष्ट विचारा: इग्वाना बघता का, एक्स-रे आणि रक्ततपासणी होते का, रविवारी कोण असतं? उत्तरं मिळेपर्यंत खरेदी थांबवा.

पिंजरा: उंची आधी, लांबी मग

इग्वाना झाडावर राहणारा प्राणी आहे. उंचावर बसला की त्याला सुरक्षित वाटतं, जमिनीलगत ठेवला की तो कायम धास्तावलेला राहतो. पूर्ण वाढलेल्या इग्वानाला किमान सहा फूट उंच, सहा फूट लांब आणि तीन फूट खोल पिंजरा लागतो. वन बीएचकेच्या हॉलमध्ये एक अख्खी भिंत त्याला द्यावी लागेल. ती देता येणार नसेल, घर भाड्याचं असेल आणि दर अकरा महिन्यांनी बदलत असेल, तर माझा सरळ सल्ला आहे की इग्वाना आणू नका. माशांच्या टाकीत पाच फुटांचा सरडा ठेवलेला मी पाहिला आहे. नाक काचेला घासून घासून त्याचा वरचा ओठ सोलवटून गेला होता.

तयार पिंजरे महाग पडतात. स्लायडिंग खिडक्या करून देणारा फॅब्रिकेटर ॲल्युमिनियम सेक्शनचा सांगाडा चांगला बनवून देतो. जाळी प्लास्टिकचं आवरण असलेली घ्या, उघडी तार तोंडाला आणि नखांना लागते. दाराला दोन कड्या हव्यात. फांद्यांसाठी मे महिना उत्तम, कारण पावसाळ्याआधी पालिका रस्त्यावरच्या झाडांची छाटणी करते. आंब्याच्या, जांभळाच्या किंवा पेरूच्या, इग्वानाच्या अंगाइतक्या जाड फांद्या निवडा, ब्रशने घासून धुवा आणि कडक उन्हात चार-पाच दिवस वाळवा. तळाला साधं वर्तमानपत्र घाला. वाळू, भुसा, खडे यांतलं काहीच नको, कारण जीभ लावता लावता ते पोटात जातं आणि आतडी तुंबतात.

ऊब आणि ऊन

सरड्याच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही. बाहेरून ऊब मिळाली नाही तर खाल्लेला पाला पचत नाही, पोटात तसाच पडून राहतो आणि फुगतो. म्हणून पिंजऱ्याच्या एका टोकाला, वरच्या फांदीवर, शेकायची जागा करायची. तिथं तापमान ३५ ते ३८ अंश सेल्सियस हवं, आणि ते फांदीच्या पृष्ठभागावर, इन्फ्रारेड तापमापकाने मोजायचं. दुसऱ्या टोकाला २६ ते २८ अंश. गरम व्हायचं की गार व्हायचं, हे त्यालाच ठरवू द्या. बल्बभोवती जाळीचा पिंजरा लावा, नाहीतर इग्वाना बल्बला चिकटून बसतो आणि भाजतो. तळातून तापणारे ‘हॉट रॉक’ अजिबात घेऊ नका, पोट भाजलेलं त्याला वेळेवर कळत नाही.

दुसरा दिवा यूव्हीबीचा, म्हणजे उन्हातल्या एका प्रकारच्या अतिनील किरणांचा. या किरणांशिवाय त्याच्या कातडीत ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि त्याशिवाय कॅल्शियम हाडांपर्यंत पोहोचत नाही. ट्यूब फांदीपासून किती अंतरावर हवी हे खोक्यावर लिहिलेलं असतं, ते अंतर काटेकोर पाळा. ट्यूब पेटत राहते, पण तिच्यातले यूव्हीबी किरण सहा ते बारा महिन्यांत घटतात, म्हणून बदलल्याची तारीख ट्यूबवरच मार्करने लिहून ठेवा. काच आणि प्लास्टिक हे किरण अडवतात. बंद खिडकीतून आलेल्या उन्हात बसलेला इग्वाना तापतो खरा, हाडांना मात्र त्याचा काहीही उपयोग होत नाही.

दोन्ही दिवे रोज बारा तास टायमरवर चालवा. शंभर वॉटचा बल्ब आणि चाळीस वॉटच्या आतली ट्यूब धरली तर महिन्याला साधारण पन्नास युनिट वीज जाते. रात्री अंधार हवा आणि तापमान २३ अंशांच्या खाली जायला नको.

मुंबईचं हवामान इग्वानाला बरंचसं मानवतं. त्याला ६० ते ८० टक्के आर्द्रता लागते, ती इथं फुकट मिळते. तरी प्रत्येक ऋतूची आपली अडचण असते. एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्यावरची खोली आधीच तापलेली असते, शेकायचा बल्ब कमी वॉटचा लावा. तोंड उघडं टाकून इग्वाना धापा टाकत असेल तर ताबडतोब सावलीत घ्या आणि अंगावर कोमट पाणी शिंपडा. जून ते सप्टेंबर ऊन जवळजवळ मिळतच नाही, तेव्हा यूव्हीबी ट्यूब हाच आधार. याच काळात पिंजरा कोंदट राहिला तर कातडीवर बुरशी आणि फोड येतात, रोज थोडा वेळ पंखा फिरू द्या. भिंत ओलावत असेल तर पिंजऱ्याची वायर आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेल्या सर्किटवरच जोडा. जानेवारीत पारा पंधरा-सोळापर्यंत उतरतो, त्या रात्रींसाठी प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटसह लागेल. रात्रभर एसी चालणाऱ्या बेडरूममध्ये पिंजरा कधीच ठेवू नका.

सकाळचं कोवळं ऊन मिळालं तर फारच चांगलं. खिडकीच्या बॉक्स ग्रिलला आतून बारीक जाळी मारा, निम्म्या भागावर सावली करा आणि तुम्ही तिथं असाल तेव्हाच त्याला तिथं सोडा. कावळे टोचे मारतात, आणि घार घिरट्या घालायला लागली की इग्वाना घाबरून वाट फुटेल तिकडे उडी मारतो.

रोजचा पाला

इग्वाना संपूर्ण शाकाहारी आहे, त्यातही पानं खाणारा. अंडं, चिकन, मांजराचं खाणं दिलं तर पिल्लू झपाट्याने वाढतं आणि मालक खूश होतो. काही वर्षांनी मूत्रपिंडं निकामी होतात, तेव्हा करण्यासारखं फारसं उरत नाही.

मुंबईत याचं खाणं मिळवणं सोपं आहे. शेवग्याचा पाला कॅल्शियमने भरलेला असतो आणि जुन्या सोसायट्यांच्या आवारात शेवग्याचं एखादं झाड हमखास सापडतं. जास्वंदीची पानं आणि फुलं त्याला जीव की प्राण. मात्र फुलवाल्याकडची नको, त्यावर फवारणी असू शकते. दोन कुंड्या घरीच लावा. तुतीचा पाला, मेथी, थोडी कोथिंबीर, बारीक चिरलेली फरसबी, किसलेला लाल भोपळा, दोडका, भेंडी हे आलटून पालटून द्या. पपई, आंबा, अंजीर ही चव लावण्यापुरती, ताटाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नकोत. पालक, माठ, चुका यांतलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, त्या भाज्या रोजच्या नाहीत. कोबी-फ्लॉवरही क्वचितच. कांदा-लसूण आणि ॲव्होकाडो अजिबात नाही.

अळूबद्दल वेगळं सांगायला हवं. आपण चिंच घालून, शिजवून खातो म्हणून कुणी कौतुकाने कच्चं पान पुढे करतं. त्यातल्या सुईसारख्या स्फटिकांनी तोंड आणि घसा सुजतो. बाल्कनीतला मनीप्लांट आणि डिफेनबाकिया त्याच जातकुळीचे, आणि कण्हेर तर जिवावर बेतणारी. इग्वाना मोकळा सोडण्याआधी या कुंड्या हलवा.

पाला सकाळी, दिवे लागल्यावर तासाभराने द्या, म्हणजे पचायला दिवसभर ऊब मिळते. मिठाच्या पाण्यात भिजवून, मग नळाखाली नीट धुवून, पिल्लाला बारीक आणि मोठ्याला जाडसर चिरून. वरून फॉस्फरस नसलेली कॅल्शियमची पूड चिमूटभर. किती वेळा, ते वय आणि तपासणी बघून डॉक्टरच ठरवतील.

काचेवर पांढरे, वाळलेले शिंतोडे दिसले तर घाबरू नका. शरीरातलं जास्तीचं मीठ इग्वाना नाकातून शिंकून टाकतो. ओल्या कपड्याने पुसलं की झालं.

हात लावण्याआधी

घरी आणल्यावर पहिले दोन आठवडे त्याला हात लावू नका. रोज ठरलेल्या वेळी खाणं ठेवा, पाणी बदला आणि पिंजऱ्याजवळ बसून आपलं काम करा, हळू आवाजात बोला. त्याला तुमची सवय व्हायला हवी. नंतर जास्वंदीचं फूल हातातून द्यायला सुरुवात करा. फूल घेतो आहे, मागे सरत नाही, असं दोन-चार दिवस झालं की खांद्यावरून बोट फिरवा.

हात नेहमी बाजूने, त्याच्या नजरेच्या खालून आणायचा. इग्वानाच्या माथ्यावर, दोन डोळ्यांच्या मागे, फिकट खवल्यासारखा एक गोल ठिपका असतो. तो त्याचा तिसरा डोळा. त्याला चित्र दिसत नाही, उजेड आणि सावलीतला फरक कळतो. वरून सावली पडली की त्याच्या लेखी ती शिकारी पक्ष्याची झडप असते. माणसाळलेला इग्वानासुद्धा वरून आलेल्या हाताला दचकतो.

अंगाची भाषा आधी शिका. संथपणे वरखाली हलणारं डोकं म्हणजे दखल घेतली आहे एवढंच. मान झटक्याझटक्याने थरथरवत असेल, गळ्याखालची झालर खाली सोडून तो तुमच्याकडे आडवा, अंग चपटं करून उभा राहिला असेल, तर त्याला राग आला आहे. शेपटी कमानीत वळली, टोक वळवळायला लागलं, की पुढच्या क्षणी फटका बसणार. शेपटी अंगाच्या निम्म्याहून जास्त लांब असते आणि फटक्याचे वळ उठतात, त्यामुळे तोंड त्या अंतरात नेऊ नका. कुरवाळताना त्याने डोळे मिटले की लोकांना वाटतं त्याला बरं वाटतंय. बऱ्याचदा तो तुम्हाला टाळत असतो. विशेषतः तुमच्या बाजूचा एकच डोळा मिटला असेल तर हात काढून घ्या.

उचलायचं कसं

लांब बाह्यांचा जाड शर्ट घाला. खिडक्या बंद करा, छताचा पंखा बंद करा, कुत्रा-मांजर असेल तर दुसऱ्या खोलीत.

एक हात छातीखाली सरकवा, बोटं पुढच्या दोन पायांच्या मध्ये. दुसरा हात पोटाखालून मागच्या मांड्यांपर्यंत न्या. मग अंग आपल्या पुढच्या बाहूवर आडवं घ्या, डोकं तळहाताकडे, मागचे पाय कोपराच्या दोन्ही बाजूंना आणि शेपटी आपल्या काखेखाली. दुसऱ्या हाताने खांदे हलके धरा. चारही पायांना आधार मिळाला की तो बहुतेक वेळा शांत राहतो, पाय लोंबकळले की धडपडतो. त्याचं तोंड तुमच्या चेहऱ्यापासून लांब असायला हवं.

शेपटीला कधीही धरू नका. ती तुटते, आणि नंतर येणारी शेपटी आखूड, काळपट असते. छाती आवळू नका. त्याला श्वासपटल नसतं, फासळ्यांच्या हालचालीवरच श्वास चालतो, घट्ट आवळलं की श्वास अडतो.

धडपडला तर तो स्वतःभोवती गिरक्या घेतो. अशा वेळी लोक घाबरून हात सोडतात आणि तो उंचावरून पडतो. खाली बसा, त्याला आपल्या अंगाशी टेकवा, थांबा. तो शांत झाल्यावरच खाली ठेवा. झटापट चालू असताना पिंजऱ्यात सोडला तर झटापट केली की सुटका होते, हे तो पक्कं शिकतो. पहिले काही दिवस पाच मिनिटं पुरेत.

नखं शर्टात अडकली तर ओढू नका. नख गळासारखं वाकलेलं असतं, मागे खेचलं की नख तरी उपटतं किंवा शर्ट तरी फाटतो. एकेक बोट पुढच्या दिशेने ढकलून किंचित वर उचला, नख आपोआप सुटतं. नखं कापायला दुसरा माणूस लागतो. इग्वानाला टॉवेलात गुंडाळायचं, पाय अंगालगत मागे, डोळ्यांवरही कापड, आणि एकेक पाय बाहेर काढून फक्त टोकदार शेंडा कापायचा. रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर दाबून धरा.

चावला तर

दात लहान, पण करवतीसारखे असतात. पान कापण्यासाठी बनलेले ते दात बोट खोलवर कापतात. चावून धरलं असेल तर हात ओढू नका, जखम फाटते. त्याचे पाय जमिनीवर टेकवा, डोळ्यांवर कापड टाका, तो सोडतो. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पाच-दहा मिनिटं धुवा, पोव्हिडोन आयोडीन लावा, आणि जखम खोल असेल किंवा चेहऱ्यावर असेल तर लगेच डॉक्टरांकडे जा. धनुर्वाताची लस विचारून घ्या. रेबीज सस्तन प्राण्यांपासून होतो, सरड्यापासून नाही.

नर वयात आले की वर्षातून एकदा काही आठवडे, कधी काही महिने, फार आक्रमक होतात. अंगावर नारिंगी झाक येते, भूक कमी होते आणि एरवी खांद्यावर बसणारा प्राणी अंगावर धावून येतो. त्या काळात हाताळणी कमीत कमी ठेवा, त्याला आरसा दिसू देऊ नका.

जास्त काळजी साल्मोनेलाची. निरोगी दिसणाऱ्या इग्वानाच्या विष्ठेतही हे जंतू असू शकतात. हात लावल्यावर प्रत्येक वेळी साबणाने हात धुवायचे, मुका घ्यायचा नाही, त्याची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई, म्हातारी माणसं आणि कीमोथेरपी चालू असलेलं कुणी घरात असेल तर या प्राण्याला घरात जागा नसावी.

घरातल्या बाकीच्या गोष्टी

आठवड्यातून दोन-तीनदा वेगळ्या टबात, छातीइतक्या कोमट पाण्यात वीस मिनिटं बसवा. बहुतेक इग्वाना पाण्यातच घाण करतात, त्यामुळे पिंजराही स्वच्छ राहतो. टब मात्र माणसांच्या वापरातला नको. अंघोळीनंतर प्रत्येक बोट आणि शेपटीचं टोक नीट बघा. कात टाकताना तिथं जुन्या कातडीची कडी अडकून राहते, रक्त अडवते आणि पुढचा भाग काळा पडून गळतो. ओल्या कापडाने हळूहळू सोडवा, सोलून काढू नका.

पेस्ट कंट्रोल, झुरळांचा स्प्रे, डासांची कॉइल, उदबत्ती आणि धुपाचा धूर त्या खोलीत नको. गणपतीत ढोल-ताशे आणि दिवाळीत फटाके वाजत असताना पिंजऱ्याच्या तीन बाजू चादरीने झाका.

मादी असेल तर नराशिवायही तिच्या पोटात अंडी धरतात. ती अस्वस्थ होऊन तळ उकरायला लागली, खाणं सोडलं, की ओलसर माती-वाळू भरलेला खोल खोका द्या. अंडी पोटात अडकली तर शस्त्रक्रियेची वेळ येते.

खालचा जबडा मऊ लागणं, बोटं थरथरणं, मांड्या किंवा पाठ वेडीवाकडी दिसणं ही कॅल्शियम कमी पडल्याची लक्षणं आहेत. तोंडात पिवळट थर, नाकातून बुडबुडे, दोन-तीन दिवस खाणं बंद, यांपैकी काहीही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका.

सांभाळणं अशक्य झालं तर आरेत किंवा राष्ट्रीय उद्यानात सोडून येऊ नका. फ्लोरिडा, पोर्टो रिको आणि तैवानमध्ये सुटलेले इग्वाना फोफावले आणि आता त्यांना हटवायला मोहिमा चालवाव्या लागतात. नोंदणीसह दुसऱ्या पालकाकडे द्या किंवा वनविभागाशी बोला.

दवाखान्यात नेताना कुत्र्याचा बंद, कडक प्लास्टिकचा क्रेट वापरा, तळाला टॉवेल, दाराला जाळी आणि वरून चादर, कारण अंधारात तो गप्प बसतो. जानेवारीत गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून क्रेटच्या एका कडेला ठेवा. मे महिन्यात सकाळी लवकरची वेळ घ्या आणि गाडी सिग्नलला उभी असेल तेव्हा क्रेटवर ऊन पडत नाही ना, हे बघत राहा. ताजी विष्ठा हवाबंद डबीत, आणि पिंजऱ्याचा, दिव्यांचा, आठवड्याच्या खाण्याचा एकेक फोटो मोबाईलमध्ये सोबत न्या. डॉक्टर सगळ्यात आधी तेच विचारतील.